आणखी एक वर्ष

ज्या मुलानं निनादला मारलं त्याचा मेंदू हर्षदा फडतरेनं पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला संताप आला तो त्याच्या देखणेपणाचा.

भिंतीवरच्या पडद्यावर निळे, हिरवे, केशरी धागे होते. रेशमाच्या लडी विंचरून सोडाव्यात तसे ते डोक्याच्या मागच्या बाजूनं पुढे येत होते. मागे दाट, मध्ये गुंतलेले आणि कपाळाच्या आत आल्यावर एकदम विरळ. हर्षदा त्यात काळा डाग शोधत होती. एखादी गाठ, एखादी कुजकी जागा, जिच्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हे बघा, इथून आलं ते.

“यात बिघाड कुठं आहे?” तिनं विचारलं.

“बिघाड नाही,” डॉ. नीलोफर मुजावर म्हणाल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या त्या. वाईच्या पुढे धोमच्या वाटेवर असलेल्या या संगोपन केंद्रात मुलांच्या मेंदूची तपासणी त्यांच्याकडे होती. “सोळा-सतराच्या मुलाचा मेंदू असाच असतो.”

“सगळ्यांचा?”

“थोडं पुढंमागं. पण बहुतेकांचा.”

“माझ्या मुलाचाही असाच असता?”

दाराशी उभा असलेला हर्षदाचा नवरा सुहास म्हणाला, “हर्षदा, चल. आपण हे बघायला आलेलो नाही.”

“मी त्यांना विचारतेय.”

“असाच असणार,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन चित्रं शेजारी ठेवली, तर कुणाचं कुठलं ते मलासुद्धा सांगता येणार नाही.”

सुहास तडक बाहेर गेला. खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. हर्षदानं खुर्ची ओढली आणि ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली.

निनाद साताऱ्यात अकरावीला होता. एका संध्याकाळी क्लासबाहेर समर निकम नावाच्या मुलाची दुचाकी उभ्या उभ्या आडवी झाली आणि निनाद हसला. समर त्याच्याच वयाचा, दुसऱ्या कॉलेजातला. दोघांची धड ओळखही नव्हती. समरबरोबर त्याचे चार मित्र होते. “हसतोय बघ तुला,” एक जण म्हणाला. “आणि तू ऐकून घेणार व्हय?” दुसरा म्हणाला. डिकीत कोयता होता. तो तिथे का होता, याला समरकडे एकच उत्तर होतं. त्या वर्षी सगळ्यांकडेच होता. निनाद दवाखान्यात पोचायच्या आत गेला. समर पळून गेला नाही. पोलीस आले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता आणि चारही मित्र गायब झाले होते.

पूर्वी अशा खटल्यांत भांडण व्हायचं ते वयावरून. अठराला थोडे दिवस कमी म्हणून कुणी सुटला की लोक रस्त्यावर यायचे, आणि मोठ्यांच्या तुरुंगात घातला की तोच मुलगा अट्टल होऊन बाहेर पडायचा. नवा कायदा वय मोजत नव्हता, मेंदू मोजत होता.

माणसाचा मेंदू मागून पुढे पिकत येतो. बघणं, ऐकणं, हातपाय हलवणं यांचे भाग लहानपणीच तयार होतात. राग, भीती, मजा, दोस्तांची शाबासकी यांनी पेटणारी केंद्रं वयात येताना एकदम जागी होतात. त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग मात्र सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास पुरा होतो. तोवर तिथे दोन कामं चाललेली असतात. न वापरलेले जोड छाटले जातात, आणि वापरातल्या तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीचं वेष्टण चढत जातं, उघड्या तारेवर रबर चढावं तसं. वेष्टण चढलं की संदेश कितीतरी पट वेगानं धावतो. ‘थांब’ हा निरोप ‘मार’च्या आधी हातापर्यंत पोचायचा, तर ते वेष्टण लागतं.

विज्ञानाला हे खूप आधीपासून ठाऊक होतं, पण सरासरीनं. हजार मुलांबद्दल सांगता यायचं, समोर बसलेल्या एकाबद्दल नाही. नव्या यंत्रानं ते जमवलं. ते एकेका जुडग्यावरचं वेष्टण मोजायचं, त्यातून निरोप किती वेगानं जातो तेही दाखवायचं. यंत्र आल्यावर ते फक्त केंद्रांत थोडंच राहणार होतं! पैसेवाले आईबाप पोराच्या हातात गाडीची किल्ली देण्याआधी त्याचं डोकं मोजून आणू लागले, आणि स्थळांच्या माहितीत उंची-शिक्षणाच्या खाली ‘परिपक्वता अंक’ असा एक रकाना येऊन बसला.

समरसारख्या मुलांना सुटकेची तारीख नव्हती, एक रेघ होती. दर वर्षी तपासणी व्हायची, तीन जणांचं मंडळ बसायचं. रेघ ओलांडली की सुटका. गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना या बैठकीला हजर राहता यायचं. त्यांना एक आक्षेपही घेता यायचा, कारण न देता. पण एकदाच. तो घेतला की मुलगा आणखी एक वर्ष आत.

“आपण तो घ्यायचा,” परतताना सुहास गाडीत म्हणाला. “ज्या दिवशी तो सुटायला निघेल ना, त्या दिवशी.”

“हो,” हर्षदा म्हणाली.

दुसऱ्या वर्षी सुहास आला नाही. त्याचं टायरचं दुकान होतं. कामाचं निमित्त त्यानं पुढे केलं. हर्षदा एकटी गेली.

या वेळी डॉक्टरांनी तिला काचेपलीकडची चाचणी बघू दिली. समर यंत्रात झोपला होता, फक्त पाय दिसत होते. त्याच्या डोळ्यांसमोर एक खेळ चालू होता. गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते आपण ठरवायचं. आधी तो एकटा खेळला. जवळपास प्रत्येक पिवळ्यावर थांबला. मग त्याच्या कानांत केंद्रातल्या त्याच्या दोन दोस्तांचे आवाज सोडले. ते नुसते “आम्ही बघतोय रे” एवढंच म्हणाले. पडद्यावरची मधली केंद्रं पेटली आणि समरनं पिवळाच काय, लालही तोडला.

“बघितलंत?” डॉक्टर म्हणाल्या. “मुलगा तोच. फक्त कुणीतरी बघतंय.”

“मी शाळेत खो-खो शिकवते,” हर्षदा म्हणाली. “खो मिळाला की विचार करत बसायचं नाही, उठायचं. हेच सांगते मी मुलींना. दिवसभर.”

“त्या वयाला ते जमतं, म्हणून तुम्हाला शिकवता येतं. तुमच्या-माझ्या वयाला शिकवून बघा.”

“म्हणजे यानं त्याला मारलं आणि माझ्या मुली पदक आणतात, ते एकाच गोष्टीमुळं?”

“एकाच मेंदूमुळं. बाकी तिथं कोण शेजारी होतं, हातात काय होतं, यानं ठरलं.”

त्या दिवशी तिनं समरला समोरासमोर पाहिलं. लांबट चेहरा, खाली मान. मंडळानं विचारलेल्या प्रश्नांना तो प्रश्न संपायच्या आत उत्तरं देत होता, अर्धवट, चुकीची. तिच्याकडे त्यानं पाहिलंच नाही. त्याच्या बाजूनं त्याचे वडील आले होते, तेही शेवटचे. त्या पावसाळ्यात ते सुरतेला गेले, दुसरं लग्न केलं आणि पुन्हा फिरकले नाहीत. आई तर तो लहान असतानाच गेली होती.

तिसऱ्या वर्षापासून समरला भेटायला वर्षातून एकदा येणारं माणूस एकच उरलं. त्यानं मारलेल्या मुलाची आई.

हर्षदाला वाटलं होतं, त्याला बघून दर वर्षी राग थोडा थोडा शमेल किंवा वाढेल. दोन्ही झालं नाही. झालं ते भलतंच.

डॉक्टर दोन वर्षांची चित्रं शेजारी लावायच्या. कपाळामागं नवे धागे आलेले दिसायचे, आधीचे जाड झालेले. हर्षदा बघत राहायची. निनादचं एवढं झालं असतं, तिच्या मनात यायचं. या वर्षी एवढं, पुढच्या वर्षी इथपर्यंत. लोक गेलेल्या मुलाच्या वयाच्या मुलांकडे बघतात, त्याच्या वर्गमित्रांकडे, शेजारच्या पोरांकडे. तेही ती करून बघत होती. पण ते बाहेरून. इथे तिला आतून दिसत होतं.

आणि मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. बैठकीनंतर दहा-पंधरा मिनिटं बोलायची मुभा असायची. मध्ये टेबल, बाजूला डॉक्टर.

“सकाळी उठवावं लागतं का तुला?” तिनं चौथ्या वर्षी विचारलं.

समर गोंधळला. तो आता वीस वर्षांचा होता. “पहिल्यांदा लागायचं, मॅडम. भोंगा झाला तरी उठायचो नाही. आता आपोआप जाग येते.”

“कधीपासून?”

तो थांबला. आठवून म्हणाला, “दिवाळीपासून असंल.”

डॉक्टरांनी सांगितलं, वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते, सकाळी डोळे उघडत नाहीत. विशीच्या आसपास ते परत मागे येतं. हर्षदा घरी आली आणि सुहासला म्हणाली, “निनाद आता आपला आपण उठला असता सकाळी.”

सुहास जेवत होता. “काय?”

“विशीला घड्याळ परत जागेवर येतं म्हणे. मी उगाच त्याच्या मागं लागायचे.”

“हे तुला त्या पोराकडं बघून कळलं?”

“डॉक्टरांकडून कळलं.”

“हर्षदा,” तो ताट सरकवून म्हणाला, “त्याचं डोकं वाढतंय आणि तू मला ते कौतुकानं येऊन सांगतेस. माझा मुलगा राखेत गेला. मला त्याच्या डोक्याचं काय करायचंय?”

त्यानंतर ती केंद्राबद्दल घरात बोलेनाशी झाली. दोघं एकाच घरात राहात होते, पण सुहासच्या घरात निनाद सोळा वर्षांचा होता आणि हर्षदाच्या घरात तो दर वर्षी एका वर्षानं मोठा होत होता. एकाच मुलाबद्दल बोलणं मग जमणार कसं?

पाचव्या वर्षी तिला समरच्या बोलण्यात एक बदल जाणवला. उत्तर देण्याआधी तो थांबू लागला होता. लहानसा थांबा, श्वास घेण्याइतका. तेवढ्यात तो मनातल्या मनात काहीतरी उचलून, तपासून, परत ठेवत असावा. डॉक्टरांचे धागे एकीकडे. हर्षदाला त्या थांब्यात सगळं दिसलं.

त्या वर्षी तो स्वतःहून बोलला. “काकू म्हटलं तर चालंल का?”

तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली. त्यानं ते ‘हो’ धरलं.

“मला ते सगळं आठवतं, काकू. आवाजासकट. पण करणारा मीच होतो, हे डोक्यात बसत नाही. त्या वक्ताला मी काय विचार करत होतो, ते शोधायला जातो, तर तिथं काहीच नाही. रिकामं. डॉक्टर म्हणतात, तिथं खरंच काही नव्हतं.” तो थांबला. “पण हात माझाच होता. ते मी कुणावर ढकलत नाही.”

हर्षदा उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. समोर धरणाचं पाणी होतं, पलीकडे डोंगर. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. तिला फक्त एवढंच वाटत होतं की पुढचं वर्ष लवकर यावं.

सहाव्या बैठकीत समरनं रेघ ओलांडली.

दोस्तांचे आवाज कानांत असतानाही तो पिवळ्यावर थांबला. पडद्यावर मधली केंद्रं उजळली आणि लगेच कपाळामागून निळी लाट आली, त्यांच्यावर पसरली. डॉक्टर मुजावरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते त्यांनी हर्षदाकडे बघून आवरलं.

मंडळाच्या प्रमुख एक निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी निर्णय वाचला. समरला एका सुताराकडे काम मिळालं होतं. केंद्रात तो लाकूडकामच शिकला होता. तो कुठे जाणार, ते सांगितलं जाणार नव्हतं. सुटकेनंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांशी कसलाही संबंध ठेवायचा नाही, असा नियम होता. दोघांच्याही भल्याचा.

“म्हणजे मला तो परत दिसणार नाही?” हर्षदानं विचारलं.

“नाही, ताई,” न्यायाधीश बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “तुम्हाला परत त्याचं तोंड बघावं लागणार नाही. आपला काही आक्षेप?”

हर्षदानं पाहिलं. बावीस वर्षांचा मुलगा, स्वच्छ दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. तो आज बाहेर पडणार, आणि त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी. तेवीस, चोवीस, पंचवीस वर्षांचा होणारा कुणीतरी. पंचविशीला निनाद कसा झाला असता, ते तिला कळणारच नव्हतं.

तिनं हात वर केला.

“माझा आक्षेप आहे,” ती म्हणाली.

समरनं डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, “काकूंचा हक्क आहे तो.”

संध्याकाळी सुहासला तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं कित्येक वर्षांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “बरं केलंस,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं, तू विरघळलीस.”

तो हात तिला सहन झाला नाही. पण खरं कारण सांगायचं धाडसही झालं नाही.

डॉक्टर मुजावर पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी साताऱ्याला आल्या, थेट शाळेच्या मैदानावर. दुपार कलली होती, मुली सराव करत होत्या. हर्षदानं त्यांना कडुलिंबाखालच्या बाकावर बसवलं.

“नियमानं मी यायला नको,” डॉक्टर म्हणाल्या. “तरी आले. समर केंद्रातल्या सुतारकामाला जात नाही. जेवणापुरता उठतो. मधली तपासणी केली, ती घसरली आहे.”

“घसरते?”

“मेंदू आपोआप पिकत नाही, हर्षदाताई. या वयात त्याला जगात जावं लागतं. चुका, काम, उधारउसनवार, एखादी मुलगी आवडणं, तिनं नाही म्हणणं. जे वापरलं जातं ते पक्कं होतं, बाकीचं छाटलं जातं. पिकल्यावर आढीत जास्त ठेवला तर आंबा सडतोच की.”

“माझ्यावर चिडलाय का तो?”

“चिडला असता तर मी आले नसते.” डॉक्टरांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “तो म्हणतो, काकू सहा वर्षं मला बघताहेत. यंत्राला जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं असणार. माझ्यात ते अजून आहे. मी समजावून थकले. त्याचा माझ्या चित्रावर विश्वास नाही, तुमच्यावर आहे. आता तो सुऱ्यानं कांदासुद्धा चिरायला तयार नाही.”

मैदानावर कुणीतरी गडी बाद केला; मुलींनी एकच कल्ला केला. हर्षदानं तिकडे बघितलंही नाही.

“तुम्हाला काय दिसलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“तो सुटला तर मला परत दिसणार नव्हता.” शब्द बाहेर पडले आणि मग थांबेनात. “मी निनादला त्याच्यात बघत होते, डॉक्टर. तुम्ही त्याची चित्रं दाखवायचा, मी माझ्या मुलाची बघायचे. आता जाग येत असेल, आता समज आली असेल, आता बोलताना थांबत असेल. मी त्याला तिथं ठेवून घेतलं, कारण मला आणखी एक वर्ष हवं होतं. दुसरं काही नाही.”

उठताना डॉक्टरांनी फक्त एवढं सांगितलं, “आक्षेप मागं घेता येतो. केव्हाही. पण ते तुम्ही त्याच्या तोंडावर सांगायला हवं. माझ्याकडून त्याला पटणार नाही.”

हर्षदा चार दिवस कुणाशी धड बोलली नाही. मुलींवर ओरडली, मग त्यांची माफी मागितली. एका सकाळी तिला उमगलं की ती समरला सोडावं की नाही याचा विचार करतच नव्हती. ते ठरलेलंच होतं. ती फक्त निनादचा निरोप घ्यायला घाबरत होती, आणि तो घेतल्याशिवाय धोमची वाट चढता येणार नव्हती.

ती गेली तेव्हा समर खिडकीशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल. तिला बघून तो धडपडत उभा राहिला.

“बस,” ती म्हणाली. “मी आक्षेप मागं घेतला. आताच सही करून आले.”

तो बसला नाही. “नका घेऊ, काकू. तुम्हाला काहीतरी दिसलं होतं ना?”

“तुझ्यात काही दिसलं नव्हतं. नीट ऐक. तू सुटलास की मला दिसणार नव्हतास, म्हणून मी हात वर केला. तुझ्याकडं बघून मला माझा मुलगा मोठा होताना दिसायचा. तो बघायचा सोडवेना. एवढंच कारण. तुझं एक वर्ष मी माझ्यासाठी घेतलं.”

समर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा तो थांबा आला, नेहमीपेक्षा लांब.

“म्हणजे माझ्यात ते नाही?”

“असतं, तर मी तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसले असते का?”

त्यानं तोंड फिरवलं, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. “मी तुमचा निनाद नाही, काकू,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “मला त्याच्या जागी होता आलं असतं तर झालो असतो. लई वेळा वाटलं. पण मी तो नाही.”

“ठाऊक आहे.”

पण ते तिला अजून पुरतं ठाऊक नव्हतं. सहा वर्षं तिनं त्या डोक्याच्या आतलं सगळं पाहिलं होतं, धागा न् धागा. त्याला हात मात्र कधी लावला नव्हता.

“इकडं ये,” ती म्हणाली. “वाक जरा.”

डॉक्टर दारात चपापल्या, पण पुढे झाल्या नाहीत. समर वाकला. हर्षदानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

केस राठ होते, घामानं ओलसर. टाळू रुंद, मागच्या बाजूला कधीतरी पडल्याची खोक. उष्ण, जड, जिवंत डोकं. तिच्या हाताला त्यातलं काहीही ओळखीचं नव्हतं. निनादचे केस मऊ होते, इतके की तेल लावताना बोटांतून निसटायचे, आणि त्याच्या टाळूला दोन भोवरे होते. दोन लग्नं करणार म्हणून सुहास त्याला चिडवायचा. हे हातानं तिला सांगितलं, डोळ्यांनी सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. हा निकमांचा मुलगा होता. याला कुणी तेल लावलं नव्हतं फार दिवसांत.

“जा,” ती म्हणाली. “चांगलं काम कर. लग्नबिग्न करावंसं वाटलं तर कर. तिला सगळं सांग मात्र.”

“सांगीन,” तो म्हणाला. मग वाकून तिच्या पायांना हात लावायला गेला, तिनं मागे सरकून त्याला अडवलं. तेवढं तिला झेपलं नसतं.

ती घरी गेली नाही, थेट सुहासच्या दुकानावर गेली. भर दुपार होती, कामगार जेवायला गेले होते. सुहास खुर्चीत डुलक्या घेत होता. तिला बघून दचकला.

“मी त्याला सोडलं,” ती उभ्यानंच म्हणाली. “आक्षेप काढून घेतला.”

सुहासचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आणि आक्षेप घेतला होता तो रागानं नव्हता घेतला. तुला खोटं वाटू दिलं मी. मला आपला निनाद मोठा झालेला बघायचा होता, सुहास. मी त्याला बावीस वर्षांचा करून ठेवला होता. दाढी आलेला, समजूतदार, सकाळी उठणारा. आज कळलं की तो आपला नव्हताच. आपला सोळाचाच आहे. आणि तो माझ्याकडे उरलेलाच नाही रे. सहा वर्षं मी त्याच्याकडं बघितलंच नाही.”

तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी, दुकानाच्या मधोमध, रबराच्या वासात. सुहास उठला, त्याला काय करावं सुचेना. त्यानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं, माठातलं पाणी दिलं. त्याचा राग गेला नव्हता. राग नुसता मागे सरून उभा राहिला होता.

“माझ्याकडं तर तो सोळाच्या पुढं कधी गेलाच नाही,” तो शेवटी म्हणाला.

“मग सांग ना मला.”

“काय सांगू?”

“काहीही. तुझ्याकडचा.”

सुहासनं मान खाजवली. “या खुर्चीत बसायचा, माहितीय? क्लासला जायच्या आधी. एकदा मी जेवून परत आलो, तर हा इथं पाय वर घेऊन बसलेला, ओठावर ग्रीसनं मिशा काढलेल्या. ही जाडजूड. आणि समोर एक ट्रकवाला. त्याला सांगतोय, मालक मीच, बोला काय पाहिजे.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तू ओरडली असतीस. शर्टाला सगळं ग्रीस.”

“मग? ट्रकवाला काय म्हणाला?”

“तो सरदारजी होता. स्वतःच्या मिशीला पीळ देत म्हणाला, ‘मालक, आधी मिशी सांभाळा, उन्हानं वितळायला लागलीय.’”

हर्षदा हसली. हसता हसता पुन्हा रडली, आणि सुहासचाही आवाज बसला. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा येऊन थांबली, चालकानं पंक्चरचं विचारलं. “अर्ध्या तासानं या,” सुहासनं आतूनच सांगितलं, शटर निम्मं खाली ओढलं आणि एक टायर आडवा टाकून तिच्यासमोर बसला.

“अजून सांग,” हर्षदा म्हणाली.